आबांचा आकडा आणि माझा आकडा

मागच्या अंकात मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या आडतीवर, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याच्या कमिशनवर लिहिलं होतं, त्यात ओघात एक वाक्य येऊन गेलं की माझे वडील माथाडी होते आणि आमचं घर वारकऱ्यांचं. आडतीबद्दल चार पत्रं आली आणि त्या एका वाक्याबद्दल गठ्ठाभर. संपादक म्हणाले, मॅडम, पुढचा विषय नंतर घेऊ, आधी या लोकांना उत्तरं द्या. म्हणून हा अंक पत्रांचा. कुणाचं नाव छापत नाहीये, फक्त गाव देतेय.

माथाडीची मुलगी अर्थशास्त्राची प्राध्यापक कशी झाली? आमच्या इथली पोरं दहावी-बारावी झाली की लगेच कामाला लागतात, म्हणून जरा सविस्तर सांगा. – एक वाचक, घणसोली

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला त्यात आमचं घर पडलं, माझे वडील, म्हणजे आबा, तेव्हा सतरा वर्षांचे होते. शेती म्हणजे भात नि नाचणीचे चार तुकडे, तेही भाऊबंदकीत वाटलेले, त्यातून घर परत उभं राहणं शक्यच नव्हतं. मग पुढच्या वर्षी गावातल्या एकाचा हात धरून ते मस्जिद बंदरला आले. तिथे गावकीची खोली होती, एका खोलीत वीस-बावीस माणसं, एक पाळी झोपायची तेव्हा दुसरी कामावर, आणि खोलीच्या कोपऱ्यात विठ्ठल-रखुमाईचा फोटो. १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याआधी हमालाला आज काम आहे का, पैसे किती मिळणार, आजारी पडलो तर काय, यातलं काहीच माहीत नसायचं, कायद्याने मंडळ आलं, मजुरी मंडळात जमा व्हायला लागली, वर लेव्हीतून, म्हणजे मालकाकडून मजुरीवर जादा घेतल्या जाणाऱ्या रकमेतून, फंड वगैरे मिळायला लागला. आण्णासाहेब पाटलांचं नाव आमच्या घरात आजही हात जोडून घेतलं जातं ते यासाठी. पुढे बाजार वाशीला आला, मग त्याच्या मागोमाग आम्हीपण कोपरखैरण्याला माथाडींच्या घरात आलो, तेव्हा इथे संध्याकाळनंतर रिक्षासुद्धा मिळत नव्हती.

आता मूळ गोष्ट. आबा सातवी पास होते आणि टोळीत तेवढं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मुकादमाने गोण्या मांडायचं काम त्यांच्याकडे दिलं होतं. किती गाड्या खाली केल्या, कुठल्या गाळ्यावर, किती गोण्या, हे सगळं ते एका लांबट वहीत लिहायचे. त्यांच्याकडे गोणी ओढायचा लोखंडी आकडा होता, लाकडी मुठीचा, मूठ घामाने काळी पडलेली. रात्री तो आकडा खिळ्याला अडकवून ते वही माझ्यासमोर ठेवायचे आणि म्हणायचे, बाय, आकडे बघ. मी चौथीत होते. बेरीज मी करायची, आणि मी केलेली बेरीज त्यांच्या मनातल्या बेरजेशी जुळायला पाहिजे.

एकदा बारा गोण्या कमी आल्या. मी तीनदा केली बेरीज, तरी बारा कमीच. मला वाटलं बारा तर गोण्या, जाऊ दे. आबा जेवता जेवता उठले, हात धुतला, बस पकडून परत मार्केटला गेले. दीड तासाने आले आणि सांगितलं की एक छोटा टेम्पो लिहायचा राहिला होता. टोळीत मजुरी सगळ्यांना सारखी वाटतात, त्यामुळे बारा गोण्या म्हणजे माणशी काही पैसेच निघाले असतील, पण सोळा माणसांच्या मजुरीतले होते ते. मी पुढे जे काही शिकले त्याची सुरुवात माझ्या मते तिथे आहे.

बाकीचं पटकन सांगते. शाळा महापालिकेची, कॉलेज वाशीत, एमएला कलिनाला विद्यानगरीत. १९९२ ला वाशीपर्यंत लोकल आली होती म्हणून ते जमलं, नाहीतर घरच्यांनी एवढं लांब पाठवलं नसतं. मग ठाण्यात नोकरी लागली. २००४ मध्ये ठाणे-वाशी लाइन सुरू झाली तोपर्यंत रोज बसने बेलापूर रोडवरून, कंपन्यांच्या शिफ्ट सुटायच्या वेळेला, उभं राहून जायचं. पीएचडी नोकरी करता करता केली, दोन बाळंतपणं त्यातच झाली, आईने आणि सासूबाईंनी आलटून पालटून पोरं सांभाळली. तुमच्या इथल्या पोरांना कामाला लागू नका असं मी म्हणणार नाही, घरची गरज असते. पण काम करता करता परीक्षा सोडू नका म्हणावं, बाहेरून देता येते.

पुरावा मागणं हा तुमचा व्यवसाय. मग गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपास, वारी, हे कशाच्या पुराव्यावर? स्पष्ट लिहितो, राग मानू नका. – एक निवृत्त शिक्षक, डोंबिवली

सर, राग अजिबात नाही, हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

पुरावा नाही. विठ्ठल आहे हे मी कुठल्याही कोष्टकात दाखवू शकत नाही आणि तसा प्रयत्नही केलेला नाही. माळ माझ्या गळ्यात आठव्या वर्षी आजोबांनी घातली, तेव्हा मला विचारलं नव्हतं. पण पंचविसाव्या वर्षी एकदा ती तुटली आणि नवीन घालायची की नाही हे मला कोणीच सांगत नव्हतं, तेव्हा मी स्वतः आळंदीहून आणून घातली. त्या दिवसापासून ती माझी आहे.

आजोबा खळ्यावर धान्य मापायचे ते आठवतं. पहिलं माप टाकताना एक म्हणायचे नाहीत, लाभ म्हणायचे. लाभ, मग दोन, मग तीन. मी विचारलं होतं की एक का नाही म्हणायचं, तर म्हणाले पहिलं त्याचं नाव, पण माप मात्र भरून टाकायचं, त्याचं नाव घेऊन माप कमी टाकलं तर दुप्पट पाप. माझी श्रद्धा नि माझं काम यांचं नातं मला यापेक्षा नीट सांगता येत नाही. सुरुवात त्याच्या नावाने करते, म्हणजे कुठला प्रश्न हातात घ्यायचा, कोणाच्या बाजूला उभं राहून बघायचं, हे माझ्या घरातून आणि माळेतून येतं, मी शेअर मार्केटवर काम न करता हमाल नि शेतकऱ्यांवर करते त्याला तेच कारण. पण दोन, तीन, चार मोजायला लागले की तिथे माझ्या इच्छेला जागा नाही. उत्तर मनासारखं आलं नाही तर तसंच लिहायचं.

आणि सर, श्रद्धा नसलेल्या संशोधकालाही हवं असलेलं उत्तर असतंच. कुणाला मार्केट चांगलं हे सिद्ध करायचं असतं, कुणाला सरकार चांगलं हे. माझं निदान गळ्यात दिसतं, वाचणाऱ्याला आधीच कळतं की ही बाई कुठून आलीय.

बाबासाहेब अर्थतज्ज्ञ होते हे तुम्ही मुलांना शिकवता का, की ते फक्त घटनेपुरतेच? – एक वाचक, कळवा

शिकवते, आणि पहिल्याच महिन्यात. कोलंबियात ते अर्थशास्त्रच शिकत होते. रुपयाच्या प्रश्नावरचं त्यांचं पुस्तक १९२३ चं, लंडनच्या पदवीसाठीचं. पण मी मुलांना जास्त वेळ देते तो १९१८ च्या निबंधावर, लहान शेतजमिनींबद्दलच्या. तेव्हा सगळे म्हणत होते तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब, तुकडे जोडा. बाबासाहेबांनी विचारलं की तुकडा लहान की मोठा हे ठरतं कशावर, त्याच्यावर राबणारी माणसं आणि अवजारं-भांडवल किती त्यावर ना, आणि इथे जमिनीवर माणसांचा भार जास्त झालाय, त्यांना दुसरं काम नाही, तेव्हा उद्योग आणा म्हणजे शेती आपोआप सुधारेल. आमच्या कोयनेच्या चार तुकड्यांची आणि आबांच्या मुंबईला येण्याची गोष्ट मला पहिल्यांदा नीट कळली ती हा निबंध वाचून, मी एमएला होते तेव्हा, विद्यानगरीच्या लायब्ररीत.

आणि वरच्या डोंबिवलीच्या सरांसाठी पण एक, एवढा हिशोबी माणूस १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्म स्वीकारतो, वर्षानुवर्षं अभ्यास करून, पारखून. माझी वाट वेगळी आहे, पण माणसाला धर्माची गरज असते की नाही हा प्रश्न त्यांनी हसण्यावारी नेला नाही.

लाखो माणसं तीन आठवडे काम सोडून चालतात. किती मनुष्यदिवस वाया गेले याचा हिशोब तुम्ही अर्थशास्त्रज्ञ का करत नाही? – एक वाचक, नेरूळ

हिशोब करता येतो. आळंदी ते पंढरपूर अंतर साधारण अडीचशे किलोमीटर, दिवस धरा, माणसं धरा, मजुरीचा दर धरा, गुणाकार केला की एक मोठी रक्कम येते. दुसऱ्या बाजूचे लोक लगेच उलटा गुणाकार दाखवतात की वारीमुळे एवढी उलाढाल होते, चहावाले, तंबू, ट्रक, औषधं, आणि म्हणून वारी चांगली. मला दोन्ही हिशोब पटत नाहीत. वारीने उलाढाल होते म्हणून मी चालत नाही, आणि उद्या कोणी सिद्ध केलं की तोटाच होतो, तरी लोणंदपासून फलटणपर्यंतचे माझे तीन-चार दिवस मी सोडणार नाही (ऍडमिशनच्या धावपळीत पूर्ण वारी जमत नाही, तेवढंच मिळतं). ज्या शेतकऱ्याला तुम्ही वाया गेलेला मनुष्यदिवस म्हणताय त्याला विचारा, तो म्हणेल वर्षातले बाकीचे दिवस मी पोटासाठी दिले, हे माझे.

पण दिंडीच्या आत बघायला अर्थशास्त्र भरपूर आहे. दिंडीत भिशी असते, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, आधी भरायची. मग पहाटे उठायचं, रांगेत चालायचं, आपली जागा सोडायची नाही, चोपदार सांगेल ते ऐकायचं, विडी-तंबाखू बंद. मला आधी वाटायचं एवढी शिस्त कशाला, देवाकडेच तर चाललोय. १९९२ मध्ये लॉरेन्स आयनाकोन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक मांडणी केली की धर्मपंथ कडक नियम घालतात त्यामुळे फुकटचं खाऊन कामाला दांडी मारणारे बाहेर राहतात, जे उरतात ते मनापासून असतात, आणि सगळ्यांनाच एकमेकांच्या भक्तीचा फायदा होतो. हे वाचल्यावर मला आमच्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याचं बोलणं आठवलं, भिशी भरून नुसता जेवायला येतो तो आम्हाला जड होतो आणि भिशी न भरता दिवसभर मृदंग वाजवतो तो जड होत नाही.

ऍडम स्मिथनेसुद्धा १७७६ च्या ग्रंथात यावर बरंच लिहिलंय. लोकांच्या देणगीवर जगणारा धर्मोपदेशक मनापासून राबतो आणि सरकारी पगारावरचा सुस्तावतो, असं त्याचं म्हणणं. मला त्याला विचारायला आवडलं असतं की आमच्याकडे कीर्तनाची बिदागी घेऊ नये असं संतांनीच सांगितलंय, मग पिढ्यानपिढ्या कीर्तन कोणत्या हिशोबावर उभं राहिलं. यावर कोणी मराठी मुलाने-मुलीने नीट काम करावं असं फार वाटतं.

मी एमए करतोय. गाइड म्हणतात विषय आण, पण विषय आणि डेटा कुठून आणायचा ते कळत नाही. तुम्ही नेमकं कसं करता? – एक विद्यार्थी, ऐरोली

तुला जरा लांब उत्तर देते कारण माझा सगळा जीव यात आहे.

आधी माझी चूक ऐक. पीएचडीच्या वेळी मी कांद्याच्या गाड्या मोजत होते. प्रत्येक गोणी पन्नास किलोची धरली, कारण सगळे तसंच बोलतात, पन्नासची गोणी. एक अख्खा हंगाम मोजला, एक्सेलमध्ये भरला, तक्ते झाले, एक प्रकरण लिहून झालं. आबा तेव्हा निवृत्तीला आले होते. एका रविवारी त्यांनी चष्मा लावून माझा तक्ता पाहिला आणि विचारलं, ही गोणी पन्नासची कशावरून, तू उचललीस का. मग सांगितलं की भरणारा आपल्या सोयीने भरतो, साठची असते, कधी त्याहून जड, पन्नासच्या वरची गोणी उचलणार नाही म्हणून तर आमची सारखी भांडणं होतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हमालांची कंबर मोडत होती ती माझ्या तक्त्यात दिसतच नव्हती. मी ते प्रकरण फाडलं आणि पुढच्या हंगामात काट्याजवळ उभं राहून वजनं लिहिली.

मोठमोठ्यांचंही असं होतं. २०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नावाजलेल्या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की देशाचं कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढ खुंटते, सरासरी उणे ०.१ टक्का होते. सरकारांनी त्याचा आधार घेऊन खर्च कापले. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याने क्लासच्या असाइनमेंटसाठी तोच हिशोब परत करून बघितला, जुळेना, शेवटी त्यांची एक्सेल फाइल मागवली, तर सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटलेल्या, आणि बाकीही काही गोष्टी पटण्यासारख्या नव्हत्या. दुरुस्त केल्यावर वाढ २.२ टक्के निघाली. हर्नडनने जे केलं ते म्हणजे जेवता जेवता उठून मार्केटला जाऊन सुटलेला टेम्पो शोधणं. तुझ्या पहिल्या कामासाठी मी तर म्हणेन एखादा छापलेला पेपर घे आणि त्याचे आकडे परत काढून बघ, विषयासाठी वणवण करायची गरज नाही.

आता डेटा. माणसाला तुझं उत्पन्न किती असं विचारू नकोस, कोणी खरं सांगत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही, अनोळखी माणसाला तू तरी सांगशील का. मी विचारते, मागच्या खेपेची पट्टी आहे का हो. पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडत्याकडून शेतकऱ्याला मिळणारा कागद. वर वजन नि भाव, खाली हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं, घेतली असेल ती उचल, आणि शेवटी हातात आलेली रक्कम. बऱ्याच जणांच्या पाकिटात घडी घातलेली असते. एकाने मला उलटी पट्टी दाखवली होती, म्हणजे कांदा विकून खर्चच जास्त निघाला आणि त्यालाच आडत्याला पैसे द्यायचे होते, तो कागद त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत देवाच्या फोटोबरोबर ठेवला होता. का ठेवलाय विचारलं तर म्हणाला, पोरगं शेती करतो म्हणालं तर दाखवायला.

काही गोष्टी कागदावर येतच नाहीत. एप्रिल-मे मध्ये पहाटे फळ मार्केटला जा, हापूसच्या पेट्यांचे ढीग लागलेले असतात. तिथे वर्षानुवर्षं रुमालाखाली भाव ठरत आलेत, विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात रुमालाखाली धरतात, बोटं दाबतात, तोंडाने काही बोलत नाहीत, मान हलली की सौदा झाला. हत्ता म्हणतात त्याला. ज्याचा आंबा तो कोकणात, त्याला फक्त पट्टीवरचा आकडा कळणार. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा रुमालाकडे बघत बसले, नंतर कळलं की चेहऱ्यांकडे बघायचं असतं, आणि किती वेळ हात धरला ते घड्याळात बघायचं असतं. तुझ्या पुस्तकात मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू असतो ना, तो इथे रुमालाखाली असतो, म्हणून म्हणते एकदा तरी पहाटे जाच.

आणि प्रश्न कसा सुचतो त्याचं एक उदाहरण. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याला बाजार समितीच्या नियमनातून मोकळं केलं आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. व्यापाऱ्यांनी बंद केला, पेपरात फोटो आले, शेतकऱ्यांना वाटलं सुटलो. माझ्या मनालाही तेच हवं होतं. पण आपला विषय सांगतो की कराचा, आडतीचा बोजा कायदा कुणावर टाकतो यावर काही ठरत नाही, ज्याला थांबता येत नाही त्याच्यावर तो शेवटी येतो. नाशिकहून रात्रभर भाड्याच्या गाडीत कांदा आणलेला शेतकरी माल परत नेणार आहे का? खरेदीदार उद्या घेईन म्हणू शकतो. मग पट्टीवरचा आडतीचा रकाना रिकामा झाला तरी भावच तेवढा खाली बोलला गेला तर? हे खरंच किती झालं ते बाजार-बाजारावर आणि मालामालावर अवलंबून असणार, ते मोजायचं काम मी अजून करतेय आणि संपल्याशिवाय आकडा सांगणार नाही.

एक सवय मात्र लाव. मार्केटमध्ये जायच्या आधी तुला काय सापडेल असं वाटतं ते कागदावर लिही, तारीख घाल, सही कर आणि गाइडकडे ठेव. मी ते आषाढीच्या आधी लिहिते आणि देवघरात ठेवते. मग वर्षभराने उघडते. बऱ्याचदा चुकलेलं असतं.

तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. मग शेतकऱ्याच्या कर्जमाफीला तुम्ही अर्थशास्त्रवाले नाकं का मुरडता? – एका शेतकऱ्याचा मुलगा, उरण

दादा, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबले.

तुकोबांचं घर वाण्याचं, सावकारीही होती. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात घरातली माणसं गेली, आणि परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी लोकांकडून येणं असलेली खतं नदीत सोडली. पण त्यातला एक तपशील आपण विसरतो. भाऊ कान्होबाने वाटा मागितला तेव्हा अर्धी खतं त्याला दिली आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. म्हणजे त्यांनी स्वतःचं येणं सोडलं, भावाचं नाही. सरकारची माफी वेगळी असते, तिथे बँकेला पैसे सगळ्यांच्या करातून दिले जातात, त्यात उरणच्या मच्छीमाराचे पण असतात. त्यामुळे तुकोबांचं नाव घेऊन माफी मागणं मला जड जातं, पण तुकोबांचं नाव घेऊन शेतकऱ्याला ऐतखाऊ म्हणणाऱ्यांचा मला जास्त त्रास होतो.

२००८ च्या केंद्राच्या माफीत दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला पूर्ण माफी होती आणि त्यावरच्याला बाकीचं फेडलं तर पंचवीस टक्के सूट. आता एक हेक्टर नव्वद आरवाला आणि दोन हेक्टर दहा आरवाला, दोघं जवळपास सारखेच, पण एकाला सगळं माफ आणि दुसऱ्याला थोडंसं. अशी रेषा सापडली की संशोधकाला दोन बाजूंच्या माणसांची तुलना करता येते. मार्टिन कान्झ यांनी गुजरातमधल्या शेतकरी कुटुंबांचा असा अभ्यास केला, तो २०१६ मध्ये छापून आला. माझी अपेक्षा होती की डोक्यावरचा भार उतरल्यावर माणूस शेतीत पैसा घालेल. निघालं उलट, माफी मिळालेल्यांची गुंतवणूक वाढली नाही, कमीच झाली.

हे मला आवडलं नाही. मी दोन दिवस त्यात चुका शोधत बसले. मोठी चूक सापडली नाही. मग मी ते वर्गात शिकवायला लागले, आजही शिकवते. सोबत हेही सांगते की हा एका राज्यातल्या कुटुंबांचा आणि गुंतवणुकीचा हिशोब आहे, सावकार दारात यायचा बंद झाला तेव्हा घरातल्या बाईला झोप लागली का, हे त्यात मोजलेलं नाही. २०१७ मध्ये आपल्या राज्याने ३४,०२२ कोटींची माफी जाहीर केली, दीड लाखापर्यंतची. तेव्हा मी गावी गेले होते, चुलतभावाचं नाव यादीत होतं, त्याने देवाला नारळ फोडला. मी त्याच्याबरोबर गेले, प्रसाद खाल्ला, आणि येताना त्याला विचारलं की आता पुढचं कर्ज कुठून काढणार. तो म्हणाला, तेच कळेना बघ.

मला माफीपेक्षा विमा वेळेवर मिळणं, पाणी, आणि पट्टीवरचा भाव याच्यासाठी भांडायला आवडेल. पण दुष्काळ पडलेल्या वर्षी माफी मागणाऱ्याला नाही म्हणायचं धाडस माझ्यात नाही, आणि ते असावं असंही वाटत नाही.

मुलगी बारावीला आहे, अर्थशास्त्र घ्यायचं म्हणते. स्कोप आहे का? – एक आई, ठाणे, नौपाडा

गणित सोडू देऊ नका ताई, बाकी घेऊ दे. सुट्टीत तिला एक काम सांगा, महिनाभर गावदेवी मंडईतल्या एकाच भाजीवालीकडे रोज जायचं, कोथिंबिरीच्या जुडीचा भाव सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा लिहायचा, आणि त्या मावशींना त्रास न देता विचारायचं की आज का बदलला. महिन्याने वही भरली असेल आणि तिला अजून विचारावंसं वाटत असेल तर स्कोपची काळजी करू नका.

तुमच्या वडिलांना तुमचं संशोधन समजतं का? – एक वाचक, कोपरखैरणे

आबा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे गेलेत, वारी टीव्हीवर बघतात आणि पालखी नीरा ओलांडते तेव्हा बसल्या जागी हात जोडतात. पीएचडी मी इंग्रजीत लिहिली होती, ती त्यांना वाचता आली नाही, ही गोष्ट मला फार लागली. म्हणून दोन वर्षांपासून तीच मराठीत लिहितेय, रोज रात्री थोडं थोडं, आणि पूर्ण झालेली पानं त्यांच्याकडे देते. ते भिंग घेऊन वाचतात आणि पेन्सिलीने खुणा करतात.

मागच्या आठवड्यात तिसऱ्या प्रकरणात त्यांनी एक ओळ खोडली. मी लिहिलं होतं की हमाल माल काट्यावर ठेवून वजन सांगतो. बाजूला त्यांनी लिहिलंय, हमाल ठेवतो, वजन तोलणार सांगतो, दोघांची मजुरी वेगळी, पट्टीवर बघ. मी पट्टी काढून बघितली, हमाली आणि तोलाई दोन वेगळ्या ओळी होत्या, माझ्या समोर इतकी वर्षं. ते पान परत लिहायला घेतलंय.